जुन्या स्पीकरच्या पेटीला भोक पाडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी घेतलेली थ्री-वे स्पीकरची जोडी (खालच्या स्वरांना वूफर, मधल्यांना मिडरेंज, वरच्यांना ट्वीटर), दहा इंची वूफर, चहूबाजूंनी बंद पेटी. जुन्या नाशकातल्या वाड्यातून ती तुमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आली, सोबत नवा छोटा ॲम्प्लिफायर आला, आणि आता बेस गायब, आवाज पत्र्यासारखा. एका मेकॅनिकने पेटीला भोक पाडून पाइप बसवायला सांगितलं. दुसऱ्याने भोक मोठं करून कारचा बारा इंची वूफर टाकायला. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. वाड्यात हेच स्पीकर भरून वाजत होते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पेटीची रचना मूळची बरोबर आहे. बदललं असेल तर तीनपैकी काहीतरी: स्पीकरचे भाग म्हातारे झालेत, ॲम्प्लिफायर वेगळा आहे किंवा खोली वेगळी आहे. बहुधा तिन्ही थोडं थोडं. मी नाशकात बरीच वर्षं स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोय. ‘बेस नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जुन्या जोड्यांत मूळ रचनाच चुकलेली जोडी क्वचित निघते.

काही गोष्टी तुमच्या मजकुरातून कळत नाहीत. वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा, ज्या लवचिक कडेने चौकटीला धरलेला असतो ती फोमची आहे, रबराची की कापडाची? दोन्ही स्पीकर सारखेच पातळ वाजतात की एक जास्त? यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून सगळ्या शक्यता धरून लिहितो.

आधी फुकटातल्या तपासण्या. घर बदलताना वायरी काढून पुन्हा लावल्या असतील, आणि जुन्या वायरींवर प्लस-मायनसच्या खुणा बहुतेक वेळा नसतात. एक स्पीकर उलटा जोडला गेला की एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दोन्ही स्पीकर जवळजवळ ठेवा, एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा आणि एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करून पाहा. ज्या जोडणीत बेस भरतो ती बरोबर. यातून समाधान झालं नाही तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: सेलचा प्लस लाल टर्मिनलला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. काही जुन्या अमेरिकन स्पीकरमध्ये, उदाहरणार्थ जेबीएलमध्ये, हे उलटं असायचं. तरी दोन्ही पेट्यांनी एकच दिशा दाखवली पाहिजे. दाखवत नसतील तर मागे कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी आतल्या वायरी उलट्या लावल्या आहेत.

टर्नटेबलवरून ऐकत असाल तर तो ॲम्प्लिफायरच्या ऑक्स या साध्या इनपुटमध्ये थेट तर घातलेला नाही ना, हे पाहा. रेकॉर्ड कापतानाच बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त ठेवतात. फोनो प्रीॲम्प, म्हणजे टर्नटेबलसाठीचं खास सर्किट, ते परत उलटवतो. १९५०च्या दशकात रूढ झालेल्या, रेकॉर्ड उद्योगाच्या आरआयएए प्रमाणात १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल उचलावे लागतात. नव्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये फोनो सोय बहुतेक वेळा नसते. जुन्यात होती.

आता स्पीकर. जाळी काढा आणि उजेडात वूफरची कड बघा. फोमची असेल तर ती बोट लावताच भुगा होते का? पॉलियुरेथेन फोम वापरला काय, न वापरला काय, दहा-वीस वर्षांत विरतोच, दमट हवेत लवकर. भुगा होत असेल तर स्पीकर अजिबात वाजवू नका. कोनाचा आधार गेलेला असतो आणि कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, घासून निकामी होते. फोमला फोमच लावून घ्या, त्याच मापाचा आणि तशाच वळणाचा. बंद पेटीत थोडं कमीजास्त खपून जातं, ते का ते पुढे सांगतो, पण जाड रबर लावून कोन आखडून टाकला तर वूफर हलणारच नाही. कापडी कड असेल तर वेगळा घोटाळा: कापडावरचा चिकट लेप वाळून जातो आणि छिद्रांतून हवा ये-जा करते. तो लेप कायम मऊ राहणारा असावा लागतो. त्यावर फेव्हिकॉल किंवा व्हार्निश फासलेले वूफर माझ्याकडे येतात. कड पुठ्ठ्यासारखी ताठ झालेली असते.

कड शाबूत असेल तर पाचही बोटं मधल्या टोपीभोवती सारखी पसरून कोन हलकेच आत दाबा आणि सोडा. बंद पेटीचा कोन सावकाश, जवळजवळ सेकंदभर घेत परत यायला हवा. सोडताक्षणी झटकन परत आला तर हवा कुठूनतरी निसटतेय. दाबताना खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय. मग बाकी सगळं थांबवून आधी तेच बघायचं.

गळती शोधायला अगरबत्ती उत्तम. मोबाइलवरून ४० हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात लावा आणि धूर वूफरच्या रिंगभोवती, मागच्या टर्मिनलच्या पट्टीजवळ, ट्रेबल-मिडरेंजच्या नॉबच्या दांड्याजवळ आणि पेटीच्या सांध्यांवर फिरवा. धूर थरथरला की तिथे फट. जाळीचं कापड आधी बाजूला ठेवा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गळती टर्मिनलच्या पट्टीत सापडते, कारण तिची गॅसकेट दगडासारखी कडक झालेली असते. नवी बंद छिद्रांची फोम टेप लावा, स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. सांध्यांना आतून फेव्हिकॉल चालतो, वूफरखाली मात्र कधीही न सुकणारी पुट्टी किंवा टेप, म्हणजे पुढच्या वेळी तो उचकटावा लागणार नाही. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन पेटीत नको. त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं.

ही गळती इतकी का मोजायची, ते कळलं की भोकाचा प्रश्न आपोआप सुटतो. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ हा स्पीकर आणला. तोवर खोल बेस हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. व्हिलचर यांनी वूफरची कड आणि आतली स्पायडर (कोनाला मागून धरणारी चकती) मुद्दाम ढिली ठेवली आणि कोनाला परत आणण्याचं काम पेटीत कोंडलेल्या हवेला दिलं. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा एकसारखी वागते, त्यामुळे छोट्या पेटीतून खोल आणि स्वच्छ बेस मिळाला. पुढची दोन-तीन दशकं जगभर या तत्त्वावर स्पीकर बनले. तुमची पेटी बंद आणि वूफर ढिला असेल तर ती याच घराण्यातली.

आता तिला भोक पाडलं की काय होतं? ज्या हवेच्या भरवशावर वूफर बांधलाय ती हवाच बाहेर. पाइप ज्या स्वराला घुमतो त्याच्या, म्हणजे ट्यूनिंगच्या, खाली कोनाला धरायला काही उरत नाही. तो मोकाट हलतो आणि मोठ्या आवाजात कॉइल मागच्या प्लेटवर आपटू शकते. ट्यूनिंगच्या आसपास मात्र एक टेकाड तयार होतं. म्हणूनच दुकानात मेकॅनिक गाणं लावून दाखवतो तेव्हा ‘वा, बेस आला’ वाटतं. घरी आठवडाभर ऐकल्यावर लक्षात येतं की प्रत्येक गाण्यात एकच घुमारा येतोय, तबल्याचा बायाही तोच आणि बेस गिटारही तीच. पाइपची पेटी वाईट नसते. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात तिचं गणित मांडलं, आणि आज बहुतेक स्पीकर तसेच असतात. पण तिला घट्ट कडेचा, ताकदवान चुंबकाचा वूफर लागतो. तुमचा तसा नसावा. कड बदलताना थोडा फरक बंद पेटीत खपतो तोही याच कारणाने: कोनाला मुख्यतः हवाच धरून असते.

पेटी उघडलीच तर आतला कापूस किंवा ग्लासवूल बघा. वर्षानुवर्षांत तो तळाशी बसतो. मोकळा करून पुन्हा सारखा पसरा. ग्लासवूल असेल तर हातमोजे आणि मास्क लावूनच. हे भरण उष्णता शोषतं आणि पेटी हवेला प्रत्यक्षाहून मोठी भासवतं. हिशेबाने कमाल ४० टक्के, व्यवहारात त्याच्या निम्म्यानेही पुष्कळ. नवं घालायचं तर उशीतला पॉलिस्टर फायबर घ्या, मूळच्या वजनाने सुरुवात करा. गादीचा कापूस नको, तो ओल धरतो आणि गोळा होतो.

आता पत्र्यासारखा आवाज. इथे मी जरा वेगळा विचार करायला सांगेन. बेस कमी आहे की वरचं जास्त आहे, हे कानाला सहज वेगळं करता येत नाही. तराजूचं एक पारडं वर गेलेलं दिसतं तेव्हा दुसऱ्यात काय टाकलंय तेही बघावं लागतं. क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वूफर, मिडरेंज आणि ट्वीटरला स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमधले, जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आपले मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात ते, चाळीस-पन्नास वर्षांत मापातून सरकतात. ८ ओहमच्या ट्वीटरला ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं पाठवतो. तोच वाढून ६ झाला तर सीमा ३,३०० वर येते, आणि ट्वीटरला न झेपणारा भाग त्याच्याकडे जाऊन तो किंचाळतो. कधी उलटही होतं: कपॅसिटरचा आतला रोध वाढतो, ट्वीटर मंद पडतो, आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. म्हणून अंदाजाने काही करू नका, मोजून बघा. दोन्ही पेट्यांतले बदला, माप तेच ठेवा, नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेले) घ्या, १०० व्होल्टचे. फिल्म कपॅसिटर टिकाऊ असतात, पण त्यांचा रोध नगण्य असल्याने आवाज आणखी उघडा होऊ शकतो. मिडरेंज आणि ट्वीटरच्या मार्गात अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर घातला की जुना तोल परत येतो. सुटे भाग एमजी रोडला मिळाले तर ठीक, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

मागच्या नॉबवर गंज असतो. काँटॅक्ट क्लीनर मारून ते पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मग मिडरेंजचा नॉब थोडा कमी करून तासभर ऐका. मधला भाग दोन-तीन डेसिबलने उतरवला की बेस वाढल्यासारखाच वाटतो, आणि त्याला वॅट लागत नाहीत. एवढ्यावर समाधानी होऊन गेलेले लोक पुष्कळ आहेत.

राहिली खोली, आणि माझा खरा संशय तिच्यावरच आहे. तुम्ही लिहिलंय की इंटरनेटवर वाचून स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून तीन फूट पुढे ठेवलेत आणि खुर्ची हॉलच्या मध्यावर. वाड्यात ते शोकेसच्या कप्प्यात होते. हा सगळा फरक ऐकू येणारच.

उंच स्वर पेटीच्या तोंडातून सरळ समोर जातात. खालचे स्वर पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतात. पेटी चौदा इंच रुंद धरली तर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली हे सुरू होतं, आणि स्पीकर मोकळ्या जागेत असेल तर समोरच्या माणसाला खालचं ६ डेसिबलपर्यंत कमी मिळतं. आजचे उत्पादक बहुतेक वेळा ही तूट क्रॉसओव्हरमध्येच भरून काढतात. त्या काळातले स्पीकर कप्प्यात किंवा भिंतीला लागून ठेवायचे धरूनच बनत. तूट भिंत भरून काढत असे. नव्या स्पीकरसाठीचा सल्ला जुन्याला लावला की तो उपाशी राहतो.

शिवाय भिंतीवरून परतलेली लाट. वूफर भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर ९० ते ९५ हर्ट्झच्या आसपास परतलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलट येते आणि तिथे खड्डा पडतो. लोक ज्याला बेस म्हणतात त्याचा मोठा वाटा तिथेच राहतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पण तिची जाणीव होते ती बरीचशी वरच्या पटींतून. तुमचा खड्डा नेमका त्यातच आहे.

हॉल १० बाय १४ चा आहे म्हणता. १४ फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ४० हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तिचा दाब शून्य असतो. म्हणजे तुमची खुर्ची सर्वांत वाईट जागी आहे. १० फुटांत ५६ हर्ट्झ. फ्लॅटचं छतही साधारण तेवढ्यावरच, म्हणून ५६ दुप्पट जोमाने घुमतं. आरसीसीच्या चौकटीतल्या प्लास्टर केलेल्या भिंती आणि टाइल्स यातलं काहीच शोषत नाहीत. वाड्याच्या मातीच्या जाड भिंती, लाकडी पाटण आणि सामानाने भरलेल्या खोल्या काही प्रमाणात शोषत होत्या. बाल्कनीचं सरकतं दार उघडं असेल तर बराचसा खोल बेस बाहेर शेजाऱ्यांना मिळतो.

करायचं एवढंच: स्पीकर मागच्या भिंतीपासून चार-सहा इंचांवर आणा, पण कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट लांब. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग मिळून बेस फुगवतात आणि सगळं ढमढम होतं. दोन्ही स्पीकरचं बाजूच्या भिंतींपासूनचं अंतर मागच्या अंतराएवढंच ठेवू नका, खड्डे एकाच जागी साठतात. खुर्ची मध्यावरून हलवून खुर्चीमागच्या भिंतीपासून साधारण पाच फुटांवर न्या. मग एक पखवाजाचं भजन लावून खुर्ची अर्ध्या-अर्ध्या फुटाने पुढेमागे सरकवा. घुमाऱ्यातले वेगवेगळे ठोके वेगळे ऐकू येतील ती जागा. यात एक पैसा जात नाही, म्हणून हे पेटी उघडण्याआधीच करा.

ॲम्प्लिफायरबद्दल. जुन्यावर बेस-ट्रेबलचे नॉब होते आणि ‘लाउडनेस’चं बटण. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं. ते बटण त्याचीच भरपाई होती, आणि तुमच्या घरी ते कायम दाबलेलं असणार. नव्या डब्यावर नॉब एकच. तेव्हा मोबाइल किंवा स्ट्रीमरमधल्या इक्वलायझरने १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल उचलणं यात अपराध काही नाही. मर्यादा मात्र पाळा: ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात, ६ ला चौपट. डब्यावर ३०० वॅट लिहिलेलं असलं तरी सोबतचा ॲडॅप्टर २४ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा असेल तर एकूण १२० वॅटच्या वर काही येणार नाही. शिवाय तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं; म्हणून ४० च्या खाली हात लावू नका. वायरसाठी हाऊस वायरिंगची अडीच एमएम तांब्याची पुरते, पाच मीटर लांबीला येऊन-जाऊन ओहमचा दहावा भागही रोध होत नाही.

कारच्या बारा इंची वूफरचं सांगायचं राहिलं. त्याचा कोन जड, वरचे स्वर आळशी आणि तेवढ्याच वॅटला आवाज कमी. तुमच्या मिडरेंजला तो खालून भेटणारच नाही, मध्ये दरी राहील. हे सगळं करूनही पोटात बसणारा धक्का हवा असेल तर ते समजू शकतो. नाशिक ढोल ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला दहा इंची वूफर सौम्यच वाटणार. मग ६०-७० हर्ट्झच्या खाली वेगळा सबवूफर जोडा आणि वडिलांच्या पेट्या जशा आहेत तशा राहू द्या.

या रविवारी वायरी, जागा, कड आणि दाबून बघणं एवढं करा आणि कड कशाची आहे ते, शिवाय मागच्या भिंतीजवळ नेल्यावर काय फरक पडला ते लिहा. पेटी उघडलीत तर कपॅसिटरवरचे आकडे जसेच्या तसे उतरवा. फोम बदलायची वेळ आली तर पावसाळा संपेपर्यंत थांबलात तरी चालेल; ओल्या हवेत गोंद लवकर धरत नाही, आणि तो धरेपर्यंत कॉइल मध्यावरून सरकली तर काम पुन्हा करावं लागतं.